लिस्बन चार दिवस, सोबत सासूबाई: चढ, रांगा आणि शाकाहार

चकलीभाजणी (धागाकर्ती)

मंडळी, जूनच्या १० ते १४ तारखांना लिस्बनला मुक्काम आहे. आम्ही दोघं, अकरा वर्षांचा मुलगा आणि सासूबाई. सासूबाई ६९ वर्षांच्या, गुडघे कुरकुरतात, शुद्ध शाकाहारी, अंडंही चालत नाही. बाकी तिघं सगळं खातो. हॉटेल रोसियू चौकापाशी घेतलंय.

आत्ताचा आराखडा असा: १०ला दुपारी पोचणं. ११ला २८ नंबरची ट्राम पूर्ण फिरून किल्ला आणि आल्फामा ही जुनी वस्ती. १२ला सिंत्रा, त्यात पेना राजवाडा, रेगालेरा आणि काबो दा रोका. १३ला बेलें. १४ला संध्याकाळी परत.

विचारायचं ते हे:
१) ट्राम-मेट्रोला पास घ्यावा की सुटी तिकिटं?
२) सिंत्राची तिन्ही ठिकाणं एका दिवसात होतील का?
३) सासूबाईंच्या जेवणाचं काय?
४) तिथली ती अंड्याच्या कस्टर्डची गोड टार्ट, पास्तेल द नाता, इथे ओटीजीमध्ये जमते का? मुलाने आत्तापासून धोशा लावलाय.

---

टांगेवाला

आधी तारखांचं बघा, मग ट्राम.

१३ जून हा सेंट अँथनीचा दिवस, लिस्बन शहराची सुट्टी. त्या दिवशी बेलेंमधला जेरोनिमोसचा मठ बंद असतो. म्हणजे तुमचं बेलें नेमकं चुकीच्या दिवशी पडलंय. ते ११ला घ्या. १० तारखेलाही राष्ट्रीय सुट्टी आहे, पण त्या दिवशी तुम्ही फक्त पोचणार आहात, त्यामुळे फारसा फरक पडत नाही.

१२ची रात्र ही लिस्बनची सगळ्यात मोठी जत्रा. आवेनिदा दा लिबेरदादवर वस्त्यावस्त्यांची पथकं मिरवणुकीने नाचत जातात आणि आल्फामाच्या बोळांत घराघरासमोर शेगड्यांवर सार्डिन भाजले जातात. धूर, गर्दी, ढोल, पहाटेपर्यंत. मुलाला हे दाखवाच, पण सासूबाईंना संध्याकाळी सातच्या आत तिथून बाहेर काढा. नंतर त्या गल्ल्यांत उलट्या दिशेने पाऊल टाकता येत नाही आणि टॅक्सी आत येत नाही. सिंत्रा करून थकून आल्यावर ही रात्र झेपणार नाही, त्यामुळे सिंत्रा १३ला ढकला. पेना राजवाडा त्या दिवशी उघडा असतो का, ते तिकीट काढताना तारखेवर टिचकी मारली की लगेच कळतं.

त्या दिवसांत दुकानोदुकानी छोट्या कुंड्यांतून 'मांजरीकू' विकायला असतं. बारीक पानांचं, चेंडूसारखं गोल झुडूप, आपल्या तुळशीच्याच कुळातलं. त्यात कागदी फूल आणि चार ओळींची चिठ्ठी खोचलेली असते. वास घ्यायला नाक खुपसायचं नाही. तळहात वरून हलकेच फिरवायचा आणि हाताचा वास घ्यायचा. सासूबाईंना हे सांगावं लागणार नाही.

आता कार्ड. मेट्रो स्टेशनवरच्या यंत्रातून 'नावेगांत' नावाचं पुठ्ठ्याचं कार्ड मिळतं, कार्डाचे अर्धा युरो वेगळे. माणशी एक कार्ड लागतंच, एकावर दोघं चालत नाहीत. त्यात दोन पर्याय: 'झॅपिंग', म्हणजे पैसे भरून ठेवायचे आणि प्रत्येक प्रवासाला कापले जातात, किंवा २४ तासांचं तिकीट. गंमत अशी की एका कार्डावर एका वेळी एकाच जातीचं तिकीट बसतं. २४ तासांचं भरलंत की ते संपेपर्यंत झॅपिंग भरता येत नाही. आणि साधं २४ तासांचं कारिस-मेट्रो तिकीट (कारिस म्हणजे शहराची बस-ट्राम कंपनी) सिंत्राच्या किंवा बेलेंच्या रेल्वेला चालत नाही. लोक फाटकाशी लाल दिवा बघून यंत्राला दोष देत बसतात, ते याचमुळे. तुमच्यासारख्या सावकाश फिरणाऱ्यांना झॅपिंग पुरतं. मेट्रो, ट्राम, बस, सिंत्राची गाडी, नदीवरची फेरीबोट, सगळ्याला तेच एक. ट्राममध्ये चढून रोखीने तिकीट घेतलंत तर जवळजवळ दुप्पट पडतं.

विमानतळावरून मेट्रोची लाल लाईन थेट निघते. आलामेदाला उतरून हिरव्या लाईनने रोसियू. शहराच्या बसमध्ये मोठ्या बॅगा घेऊ देत नाहीत, त्यामुळे त्या वाटेला जाऊच नका.

२८ नंबरबद्दल स्पष्टच सांगतो. जूनमध्ये सकाळी दहाला मार्तिम मोनीझच्या थांब्यावर उभं राहिलात तर तासभर रांग सहज होते. डबा छोटा, विसेक बसायच्या जागा, बाकी लोंबकळणारे. पायऱ्या उंच. दाराशी जी धक्काबुक्की होते ती पाकीटमारांची ठरलेली जागा. बसूनच जायचं असेल तर दुसऱ्या टोकाला, कांपो द ओरीकमध्ये प्राझेरेस कब्रस्तानासमोर, सकाळी साडेआठच्या आत चढा. तिथे रिकामी गाडी लागते. मध्ये एखाद्याने गाडी रुळाला खेटून लावली असेल तर चालक घंटा बडवत राहतो आणि गाडीमालक येईपर्यंत ट्राम हलत नाही. रूळ ९०० मिलिमीटरचे, आल्फामाच्या काही बोळांत एकच रूळ. समोरची ट्राम यायची वाट बघावी लागते. घाई असेल त्याने या वाटेला जाऊ नये.

त्यापेक्षा १२ नंबर घ्या. प्रासा दा फिगेरा चौकातून निघते, म्हणजे तुमच्या हॉटेलपासून दोन मिनिटं. जुनेच पिवळे डबे, तोच चढ, पोर्ताश दो सोलवरून कॅथीड्रलपाशी उतरून परत. छोटी फेरी आहे, गर्दी बरीच कमी.

किल्ल्यावर जायला त्याच चौकातून ७३७ नंबरची छोटी बस थेट दारापर्यंत नेते. येताना रमतगमत पायी उतरा, उतारच आहे.

---

पायपीट

टांगेवाल्यांशी सगळं जुळतं, फक्त शेवटचं वाक्य सोडून. गुडघ्यांना चढापेक्षा उतार वाईट. त्यात लिस्बनचे पदपथ म्हणजे 'काल्सादा', हाताच्या मुठीएवढे चुनखडीचे चौकोनी तुकडे ठोकून बसवलेले. शंभर वर्षांच्या पायतळीने ते आरशासारखे गुळगुळीत झालेत. कोरड्यात घसरतात, शिंतोडा पडला की साबणच. चामड्याच्या तळव्याची चप्पल नको, मऊ रबराचा तळवा हवा. सासूबाईंना किल्ल्यावरून ७३७नेच खाली आणा.

लिस्बनचा आराखडा नकाशा बघून करू नये, चढ बघून करावा. नकाशात ३०० मीटर दिसतं ते प्रत्यक्षात सहा मजल्यांचा जिना निघतो. शहराने यासाठी काही फुकट सोयी करून ठेवल्यात, त्या पाठ करा.

बायशा-शियादो हे मेट्रो स्टेशन दोन पातळ्यांवर उघडतं. खालचं दार बायशा या सपाट वस्तीत, वरचं टेकडीवरच्या शियादो वस्तीतल्या कॅफेंसमोर. मधले सरकते जिने तिकिटाच्या फाटकांच्या बाहेर आहेत, त्यामुळे पैसे न देता आख्खी टेकडी चढता येते.

किल्ल्याच्या बाजूला रुआ दोस फांकेरोसवर एका जुन्या इमारतीत सरकारी लिफ्ट आहे. दारावर पाटी असते, तरी चटकन दिसत नाही. ती रुआ दा मादालेनाला सोडते. तिथून रस्ता ओलांडून शांव दो लोरेरू चौक. तिथल्या सुपरमार्केटच्या इमारतीत दुसरी लिफ्ट, ती किल्ल्याच्या पायथ्याशी वर काढते. दोन्ही फुकट. एखादी बंद असते, म्हणून ७३७ हाताशी असू द्या.

सांता जुश्ताची लोखंडी लिफ्ट १९०२ची, ४५ मीटर. खालच्या रांगेत उभं राहायचं काहीच कारण नाही. शियादोतून कार्मोच्या मठामागून चालत गेलं की तुम्ही तिच्या वरच्या पुलावरच पोचता. कार्मोचा मठ मात्र आत जाऊन बघा. १ नोव्हेंबर १७५५च्या भूकंपात छप्पर कोसळलं ते पुन्हा घातलंच नाही. कमानी उभ्या आणि वर आभाळ.

ग्लोरियाची तिरकी केबल-गाडी जुन्या लेखांत सगळीकडे सापडेल. ३ सप्टेंबर २०२५ला ती घसरून १६ जण गेले, त्यानंतर शहरातल्या तशाच बाकीच्या गाड्याही तपासणीसाठी थांबवल्या. त्यांच्या भरवशावर दिवस आखू नका.

आता सिंत्रा. तिन्ही ठिकाणं एका दिवसात होत नाहीत. होतात असं लिहिणारे आत जात नाहीत.

गाडी रोसियू स्टेशनातून, ४० मिनिटं. घोड्याच्या नालेसारखी जोडदारं असलेली इमारत. फलाट वरच्या मजल्यावर आहेत, सरकत्या जिन्याने जा. आठच्या सुमाराची गाडी पकडा.

पेनाच्या तिकिटावर जी वेळ छापलेली असते ती राजवाड्याच्या दाराची असते, बागेच्या फाटकाची नव्हे. फाटकापासून दारापर्यंत चढ आहे, २० ते ३० मिनिटं धरा, आणि उशिरा आलेल्याला आत घेत नाहीत. पहिल्यांदा जाणाऱ्यांची सगळ्यात जास्त फसगत इथे होते. फाटकापासून वर नेणारी छोटी बस आहे, तिचं तिकीट वेगळं. सासूबाईंसाठी ते आधीच घ्या. स्टेशनवरून ४३४ नंबरची बस गोल फिरते आणि एकाच दिशेने: स्टेशन, गाव, मूरांचा किल्ला, पेना, परत. पेनाहून मूरांच्या किल्ल्याला जायचं तर बस उलटी नेत नाही, चालावं लागतं.

साडेनऊ-दहाची वेळ घेतलीत तर साडेबारापर्यंत खाली गावात येता. मग दोन तुकड्या करा. तुम्ही आणि मुलगा रेगालेराला जा. तिथली ती उलट्या मनोऱ्यासारखी विहीर २७ मीटर खोल, गोल जिन्याने वरून खाली उतरायचं आणि तळाच्या भुयारातून बाहेर. ओलसर, अंधारं, कठडा बुटका. दुखऱ्या गुडघ्यांचं हे कामच नाही. तोवर सासूबाई आणि तुमचे हे गावातल्याच राष्ट्रीय राजवाड्यात. त्याची ओळख म्हणजे दोन पांढरे शंकू, ३३ मीटर उंच. ते मनोरे नाहीत, स्वयंपाकघराची धुराडी आहेत. खाली उभं राहून वर बघितलं की आख्खं स्वयंपाकघर एका धुराड्याच्या पोटात असल्यासारखं वाटतं.

काबो दा रोका, म्हणजे युरोप खंडाच्या मुख्य भूमीचं पश्चिम टोक, तेवढ्यासाठी बसने जाऊन-येऊन दोन तास जातात. वारा, कडा आणि एक दगडी खांब. सोडून द्या.

लिस्बनला ऊन असलं तरी सिंत्राच्या डोंगरावर धुकं आणि गार वारा असतो. स्वेटर लागतो. आणि सोमवारी सिंत्रा नको. लिस्बनमधली बरीच संग्रहालयं सोमवारी बंद असतात, त्यामुळे सगळा लोंढा तिकडे वळतो.

---

चकलीभाजणी

बाप रे, १३ तारखेचं माहीतच नव्हतं. बेलें ११ला, आल्फामा १२ला, सिंत्रा १३ला असं केलं. काबो दा रोकावर काट. जेवणाचं कोणी सांगेल का? "युरोपात चीज-ब्रेड मिळतंच" हे उत्तर सासूबाईंना पटत नाही.

---

कोथिंबीरवडी

सासूबाईंचं बरोबर आहे.

पोर्तुगीज स्वयंपाकात भाजी भरपूर असते, पण भाजीच्या पातेल्यात मांसाचा तुकडा असतोच असतो. 'काल्दू वेर्द' हे सूप नावाने हिरवं. बटाट्याच्या दाट पाण्यात 'कोव'ची पानं केसासारखी बारीक चिरून. हाच शब्द आपल्याकडे कोबी झाला. पण वरती शोरीसूची चकती तरंगते, गोव्याच्या चोरीसची ही मूळ बहीण, आणि ती पातेल्यातच उकळलेली असते. चकती काढून टाकली म्हणून सूप शाकाहारी होत नाही.

'सें कार्न', म्हणजे मांसाशिवाय, एवढंच म्हणून थांबू नका. तिथल्या बोलण्यात कार्न म्हणजे मटणाचा तुकडा. हॅम, ट्यूना, बाकाल्याव (खारवलेला कॉड मासा) हे त्यात धरत नाहीत. सॅलडवर ट्यूना येतो तो यामुळे. कागदावर लिहून न्या आणि वेटरला दाखवा: मांस नको, चिकन नको, मासा नको, हॅम नको, शोरीसू नको, अंडं नको, मांसाचं पाणी नको. सूप मागवताना शेवटचा मुद्दा महत्त्वाचा.

अंड्याशिवाय सासूबाईंना चालेल असं बऱ्याचदा मिळतं ते असं. 'आरोश द तोमात', टोमॅटोचा ओलसर भात, आपल्या आसट खिचडीच्या अंगाने जाणारा. पाण्याबद्दल विचारून घ्या. 'इश्पारगादू', पालकाचं लसणीवर परतून पिठाने घट्ट केलेलं गरगट. हे पानात बाजूला वाढायची चीज आहे, वेगळं मागवता येतं. 'त्रमोसुश' म्हणजे मिठाच्या पाण्यात मुरवलेले पिवळे चपटे दाणे. सालीला दातांनी चीर पाडायची आणि दाणा तोंडात उडवायचा. 'तोराडा' हा जाड टोस्ट, लोण्यात न्हालेला, तीन उभ्या पट्ट्या कापून देतात. सकाळी तोराडा आणि 'गालांव', म्हणजे उंच पेल्यातली दुधाळ कॉफी, हे सासूबाईंना आवडेल. साधा 'पांव' पीठ, पाणी, मीठ, यीस्ट एवढ्याचाच असतो. चकाकणाऱ्या गोडसर बनला मात्र वरून अंडं लावलेलं असतं.

चीजबद्दल एक चांगली बातमी. आझैतांव आणि सेरा दा इश्त्रेला ही मेंढीच्या दुधाची दोन चीजं वासराच्या जठरातल्या रेनेटने विरजत नाहीत. एका काटेरी रानफुलाचे वाळलेले तुरे पाण्यात भिजवून त्या पाण्याने दूध फाडतात. आझैतांवचा छोटा गोळा वरून टोपणासारखा कापतात आणि आतला मऊ भाग चमच्याने पावाला लावतात. चव किंचित कडवट. ही कडवट झाक त्या फुलाचीच.

नावावरून फसवणारे दोन पदार्थ. 'पेइशीन्युश दा ओर्ता', शब्दशः बागेतल्या छोट्या मासोळ्या. प्रत्यक्षात फरसबीची भजी. मासा नाही, पण पिठात बहुधा अंडं असतं, तेवढं विचारा. दुसरा 'तोसीन्यू दो सेऊ', स्वर्गातली चरबी. बदाम आणि पिवळ्या बलकाची मिठाई. नाव उगाच पडलेलं नाही, जुन्या कृतीत डुकराची चरबी होती.

गोडाच्या बाबतीत सासूबाईंची निराशा होणार. तिथली पारंपरिक मिठाई मठांतून आलेली. अंड्याचा पांढरा भाग कपड्यांच्या कांजीला आणि वाइन निवळायला जायचा, उरलेल्या पिवळ्या बलकाचं काय करायचं, तर साखरेच्या पाकात घालायचं. 'आरोश दोस' हा दालचिनी भुरभुरवलेला दूधभात दिसायला आपली खीर, पण त्यातही बऱ्याच ठिकाणी बलक घालतात. त्यापेक्षा जूनमधल्या चेरी घ्या, काळ्या आणि टपोऱ्या.

आपलं जेवण हवंच असेल तर मार्तिम मोनीझच्या आसपास भारतीय, बांगलादेशी, नेपाळी दुकानं आणि खाणावळी आहेत, रोसियूपासून चालत दहा मिनिटं. शहराच्या उत्तरेला लुमियारकडे राधाकृष्ण मंदिर आहे, जवळचं मेट्रो स्टेशन तेल्हेरास. मोझांबिकहून आलेल्या गुजराती मंडळींनी उभं केलंय, तिथे शाकाहारी जेवण असतं. जायच्या आधी वेळ विचारा. गोवन हॉटेलंही आहेत, पण तिथलं शाकुती आणि सारापातेल सासूबाईंच्या कामाचं नाही.

आणि कॅफेच्या काचेत 'शामूसा' दिसला की हुरळून जाऊ नका. समोसाच तो, गोव्याच्या वाटेने तिथे पोचलेला. पण आत बहुधा गोमांस किंवा चिकन असतं.

तुम्हा तिघांसाठी: बाकाल्याव आ ब्राश घ्या. खारवलेल्या मासळीचे धागे, काडीसारखा तळलेला बटाटा, अंडं, काळं ऑलिव्ह. पहिल्यांदा खाणाऱ्याला हीच सोपी. 'बिफाना' म्हणजे लसूण-वाइनमध्ये शिजवलेल्या डुकराच्या पातळ कापांचा पाव. मोहरी लावून उभ्याउभ्या खायचा. सार्डिन जूनमध्येच चरबीने भरतात. मागवाल तेव्हा पावाची जाड चकती मागा, मासा त्यावर ठेवून खातात आणि शेवटी तेल प्यायलेला पाव. खरा घास तोच.

दोन व्यवहाराच्या गोष्टी. बसताक्षणी टेबलावर पाव, ऑलिव्ह, चीज येतं, ते फुकट नाही. त्याला कोव्हेर्त म्हणतात. नको असेल तर हात न लावता परत पाठवा. न मागवलेल्या आणि न खाल्लेल्या गोष्टीचे पैसे घेता येत नाहीत, तसा तिथला कायदाच आहे. आणि मेन्यूत 'दोझ' आणि 'मेया दोझ' असे दोन भाव असतात. पूर्ण दोझ दोघांना पुरतं. चौघांनी चार दोझ मागवले की निम्मं वाया.

---

लिंबूटिंबू

बेलेंचं कोणीच सविस्तर लिहिलं नाही, म्हणून.

काइश दो सोद्रेहून कास्काइशच्या लाईनची लोकल सात-आठ मिनिटांत बेलेंला सोडते. जलद गाडी तिथे थांबत नाही, फलाटावरची पाटी वाचून चढा. १५ नंबरची ट्रामही जाते, पण दहानंतर तिच्यात पाय ठेवायला जागा नसते.

जेरोनिमोसला दोन रांगा असतात. चर्च फुकट, आतलं दुमजली प्रांगण तिकिटाचं. न विचारता लांब रांगेत उभे राहणाऱ्यांना अर्धा तास घालवून कळतं की ही दुसरीच रांग. प्रांगणाचं वेळेचं तिकीट आधी काढा आणि पहिली वेळ घ्या. चर्चच्या दारातून आत शिरलं की डाव्या हाताला वास्को द गामा, उजव्या हाताला कवी कामोंइश. वास्को १५२४ला कोचीत वारला, तिथल्याच चर्चमध्ये पुरला, १५३९ला हाडं पोर्तुगालला आली आणि या मठात १८८०मध्ये. वेदीकडे राजांच्या शवपेट्या आहेत त्या संगमरवरी हत्तींच्या पाठीवर ठेवल्यात. मुलाला ते आधी दाखवा. मठाचा खर्च मसाल्याच्या व्यापारावरच्या पाच टक्के करातून निघाला. भिंतीवरचे दगडी दोरखंड आणि गाठी बघताना मलबारची मिरी आठवली तर चूक नाही.

समोरच्या बाजूला थोडं पूर्वेला आफोंसो द आल्बुकेर्कचा पुतळा आहे, उंच खांबावर. १५१०ला गोवा घेणारा हाच. आणि आंब्याच्या मोसमात आपण 'हापूस' म्हणतो तेही याच्याच नावाचं अपभ्रष्ट रूप.

बेलेंचा बुरूज २०२५च्या एप्रिलमध्ये दुरुस्तीसाठी बंद केला होता. उघडला असला तरी आत एकच अरुंद गोल जिना आहे, वर जाणारे आणि खाली येणारे आळीपाळीने सोडतात. बाहेरून बघा, पुरे.

नाताचं मूळ दुकान मठापासून चालत पाच मिनिटांवर, १८३७पासूनचं. मठ बंद पाडल्यावर तिथली कृती तिकडे गेली अशी त्याची कथा आहे. फुटपाथवरची लांबलचक रांग बांधून नेणाऱ्यांची. आत निळ्या फरशांच्या खोल्यांमागून खोल्या आहेत, शेकड्याने बसायला जागा. सरळ आत जा. टेबलाची रांग लवकर सरकते आणि सासूबाईंना बसायला मिळतं. टेबलावर दालचिनी आणि पिठीसाखरेच्या डब्या असतात. दोन्ही भुरभुरवायचं, आधी दालचिनी. इथल्याच खाव्यात असं मात्र नाही. शियादोजवळच्या कामोंइश चौकातल्या मांतेगारियात नवा घाणा निघाला की घंटा वाजवतात. घंटा ऐकून घेतलेली नाता बेलेंच्या थंड नातापेक्षा केव्हाही सरस.

संध्याकाळी पाय गळून गेले की काइश दो सोद्रेहून कासील्यासची फेरीबोट पकडा. दहा मिनिटं, झॅपिंग चालतं, चढ शून्य. आख्खं शहर नदीतून दिसतं.

---

भट्टी

प्रश्न ४. ओटीजीत जमते, पण भट्टीसारखी नाही. तिथे ती तीनशेच्या आसपासच्या आचेवर काही मिनिटांत होते, आपली ओटीजी २५०ला दम तोडते. हा फरक ओळखून काम केलं की ऐंशी टक्के येते.

बारा नगांचं प्रमाण. तयार पफ पेस्ट्री लोण्याची, ३०० ग्रॅम. मार्गारीनची घेतली तर टाळूला मेण चिकटतं. पोळी ३ मिलिमीटर जाड लाटा, पाण्याचा हात फिरवा आणि अळूवडीसारखा घट्ट उंडा वळा. हवा राहू देऊ नका. फ्रीजमध्ये तासभर. मग दोन-दोन सेंटिमीटरचे काप करा. वाटीच्या साच्यात काप आडवा ठेवा, गोल रेघा वर. अंगठा गार पाण्यात बुडवून मधून बाहेर दाबत कड साच्याच्या वर दोन मिलिमीटर येईपर्यंत चढवा. तळ शक्य तितका पातळ, कड थोडी जाड. चांगल्या दुकानातली नाता उलटी करून बघा, तळाला अळूवडीच्या कापासारखी चकली दिसते. ती दिसली की पदर आडवे पडलेत आणि तळ कुरकुरीत होणार. साचे भरेपर्यंत फ्रीजमध्येच.

कस्टर्ड: साखर २५० ग्रॅम, पाणी १२५ मिली, दालचिनीचा बोटभर तुकडा, लिंबाच्या सालीच्या दोन पट्ट्या, फक्त पिवळा भाग. न ढवळता उकळा. उकळी आल्यावर तीनेक मिनिटं, एकतारीच्या जरा आधी बंद. ढवळलात तर साखर परत दाणेदार होते. दुसरीकडे मैदा ३५ ग्रॅम ६० मिली गार दुधात गुठळी न ठेवता कालवा, २४० मिली उकळतं दूध त्यात ओता आणि मंद आचेवर चमच्याला चिकटेपर्यंत हलवा. आता पाक बारीक धारेने या दुधात. पातळच दिसेल, घाबरू नका. कोमट होऊ द्या, बोट बुडवून सहन होईल इतकं. मग सहा पिवळे बलक, आणि गाळून घ्या. गरम मिश्रणात बलक टाकलेत की अंडाभुर्जी.

ओटीजी वरचा-खालचा दोन्ही रॉड लावून पूर्ण आचेवर अर्धा तास तापवा, आत लोखंडी तवा उलटा ठेवून. साचे थेट तव्यावर. तळाला धग मिळाली नाही तर वर डाग आणि खाली कच्चं पीठ, ही नेहमीची तक्रार. साचे पाऊण भरा, वर नाही. १४ ते १७ मिनिटं, शेवटची दोन-तीन मिनिटं वरच्या खाचेत. कस्टर्ड घुमटासारखं फुगेल आणि वर काळसर ठिपके येतील. बाहेर काढल्यावर खाली बसतं, तसंच बसायला हवं.

---

चकलीभाजणी

सगळ्यांना मनापासून धन्यवाद, प्रिंट काढून सासूबाईंच्या हातात दिलाय. भट्टी, एक प्रयोग काल केला. ठिपके आलेच नाहीत आणि कस्टर्ड उकळून साच्याबाहेर गेलं. २००वर ठेवलं होतं, जळेल म्हणून.

---

भट्टी

तिथेच घोटाळा. २००वर वरची साखर जळायच्या आत खालचं कस्टर्ड उकळतं, फुटतं आणि बाहेर येतं. जळण्याची भीती सोडा, ते काळे ठिपके म्हणजे जळलेली साखरच आहे. २५०वर ठेवा, दार मध्ये उघडू नका. आणि काचेच्या किंवा सिलिकॉनच्या वाट्या असतील तर बदला. पातळ अॅल्युमिनियम किंवा पत्र्याच्या, वरचा व्यास ७ सेंटिमीटरच्या आसपास. उरलेल्या दुसऱ्या दिवशी मायक्रोवेव्हमध्ये घालू नका, पदर चामट होतात. गरम ओटीजीत चार मिनिटं पुरतात.